फायनान्सचं सर्टिफिकेट घ्यायच्या आधी: ठाणे-नवी मुंबईतल्या विद्यार्थ्यांसाठी

कुठल्याही क्लासला फोन करण्याआधी एक संध्याकाळ फक्त नोकरीच्या जाहिराती वाचण्यात घाला. नोकरीच्या साइटवर ठिकाण म्हणून ठाणे, ऐरोली, घणसोली, वाशी आणि बेलापूर टाका, अनुभव शून्य ते एक वर्ष ठेवा, आणि फायनान्सच्या वीस जाहिराती उघडा. वहीत चार रकाने आखा: पदाचं नाव, रोजचं काम, मागितलेलं शिक्षण, मागितलेलं सर्टिफिकेट. वीस ओळी भरल्या की चित्र आपोआप दिसायला लागतं. बऱ्याच ठिकाणी चौथा रकाना रिकामा राहतो, आणि दुसऱ्या रकान्यात तेच तेच शब्द येतात: एक्सेल, रिकन्सिलिएशन (दोन नोंदींची जुळवणी), केवायसी (ग्राहकाची ओळख तपासणं), सेटलमेंट (सौद्याचे पैसे आणि शेअर पोचते करणं), फंड अकाउंटिंग (फंडाचे रोजचे हिशोब), इनव्हॉइस, क्लायंटशी ईमेल.

हे असं का, तर आपल्या भागात फायनान्सचं जे काम मोठ्या संख्येने आहे ते बॅक ऑफिसचं. ऐरोली-घणसोलीची आयटी पार्कं, वाशी स्टेशनवरचं इन्फोटेक पार्क, वागळे इस्टेट, घोडबंदर रोड, सगळीकडे देशातल्या आणि परदेशातल्या बँकांची, फंडांची कागदपत्रं आणि हिशोब सांभाळणारे विभाग आहेत. कंपन्या विकत घेण्याचे सौदे किंवा शेअर निवडणं हे काम इथे फ्रेशरला मिळत नाही. ‘इन्व्हेस्टमेंट बँकिंग ऑपरेशन्स’ नावाचे कोर्स विकले जातात, त्यातला शेवटचा शब्द नीट वाचा. काम ऑपरेशन्सचं आहे, म्हणजे झालेल्या व्यवहारांची जुळवणी, सेटलमेंट, नोंदी. ते चांगलं काम आहे, त्यातून पुढे वर जाता येतं. पण सौदे करण्याची स्वप्नं दाखवून फी घेतली जात असेल तर ती फी चुकीच्या गोष्टीची आहे.

सर्टिफिकेटांच्या तीन जाती

पहिली जात कायद्याने लागणाऱ्या सर्टिफिकेटांची. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २००६ मध्ये स्थापन केलेल्या एनआयएसएम या संस्थेच्या परीक्षा यात येतात. संस्थेचा कॅम्पस आपल्यापासून फार दूर नाही, रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला आहे. पण परीक्षेसाठी तिकडे जावं लागत नाही. म्युच्युअल फंड विकायचा असेल, ब्रोकरकडे डेरिव्हेटिव्ह्जच्या (फ्युचर्स-ऑप्शन्सच्या) टर्मिनलवर बसायचं असेल, ब्रोकरच्या ऑपरेशन्समध्ये काम करायचं असेल, तर त्या त्या सिरीजची परीक्षा पास असावीच लागते. कंपनीला तुमचं कौतुक म्हणून नव्हे, नियम म्हणून ते सर्टिफिकेट हवं असतं. म्हणूनच या जातीला बायोडेटात वजन आहे.

दुसरी जात लांब पल्ल्याची: सीएफए (गुंतवणुकीचं विश्लेषण), एफआरएम (जोखीम व्यवस्थापन). यांना जगभर मान आहे, पण ती वर्षांची कामं आहेत आणि पैसे डॉलरमध्ये जातात.

तिसरी जात क्लासने स्वतः छापून दिलेल्या सर्टिफिकेटांची. कागदाला स्वतंत्र किंमत जवळजवळ नसते. किंमत असते ती तिथे खरंच शिकवलं गेलं का, याला. चांगला क्लास असतो, नाही असं नाही. पण फीच्या पावतीवर ‘सर्टिफाइड’ शब्द आहे म्हणून मुलाखतीत कोणी थांबून विचारत नाही.

आणि एक सापळा इथेच सांगून ठेवतो. बँकेच्या नोकरीसाठी जेएआयआयबी करा, असा सल्ला नातेवाईक मनापासून देतात. ती परीक्षा बँकेत आधीच नोकरीला असलेल्यांसाठी आहे. विद्यार्थ्याला ती देता येत नाही. ती घेणाऱ्या आयआयबीएफ या संस्थेच्याच केवायसी आणि मनी लाँडरिंग-विरोधी नियमांवरच्या परीक्षेला मात्र बाहेरच्यांनाही बसता येतं, आणि तुमच्या वीस ओळींत केवायसी वारंवार दिसत असेल तर तिचा विचार करायला हरकत नाही.

एनआयएसएममधली कुठली परीक्षा

सुरुवात सेबी इन्व्हेस्टर सर्टिफिकेशन परीक्षेने करा. ती फुकट आहे. तिने नोकरी मिळत नाही, पण ऑनलाइन परीक्षेचा पडदा, घड्याळ, प्रश्नांची भाषा यांची सवय होते आणि विषय आपल्याला झेपतो का हे एक रुपया न घालवता कळतं.

त्यानंतर फक्त एक सिरीज निवडा. ऑपरेशन्सकडे जायचं असेल तर सिरीज ७, सिक्युरिटीज ऑपरेशन्स अँड रिस्क मॅनेजमेंट. ठाणे-नवी मुंबईच्या फ्रेशरसाठी आमच्या मते हीच सगळ्यात उपयोगी, कारण व्यवहार झाल्यापासून पैसे आणि शेअर हातात पडेपर्यंत काय काय होतं ते यात ओळीने येतं, आणि मुलाखतीतले निम्मे प्रश्न तिथलेच असतात. ब्रोकरकडे डीलर व्हायचं असेल तर सिरीज ८, इक्विटी डेरिव्हेटिव्ह्ज. म्युच्युअल फंड वितरणासाठी सिरीज ५-ए. रिसर्चसाठी सिरीज १५, पण ती कंपन्यांचे ताळेबंद वाचता येणाऱ्यानेच घ्यावी.

बँकेत किंवा वितरकाकडे विक्रीची नोकरी मिळत असेल तर ५-ए बऱ्याचदा कंपनी रुजू झाल्यावर करून घेते, फीही तीच भरते. अशा वेळी आधी खिशातून खर्च करू नका. आणि ५-ए पास झालं म्हणजे फंड विकता येतो असंही नाही. त्यानंतर ॲम्फी या म्युच्युअल फंड कंपन्यांच्या संघटनेकडून एआरएन, म्हणजे वितरकाचा नोंदणी नंबर, घ्यावा लागतो. गुंतवणूक सल्लागाराचंही तसंच: परीक्षा पास असणं वेगळं, सेबीकडे नोंदणी असणं वेगळं. सर्टिफिकेटच्या जोरावर टेलिग्रामवर शेअरच्या टिप्स विकायला बसलेला मुलगा नियम मोडतो आहे.

परीक्षेची रचना अशी. ५-ए मध्ये १०० प्रश्न, २ तास, पास व्हायला ५० टक्के, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. तिथे एकही प्रश्न कोरा सोडायचं कारण नाही. सिरीज ७ मध्येही १०० प्रश्न, २ तास आणि पासिंग ५० टक्के, पण चुकीच्या उत्तराला पाव गुण जातो. सिरीज ८ ला पासिंग ६० टक्के, पाव गुण इथेही जातो. या तिन्हींची फी साधारण १५०० रुपयांच्या घरात आहे. फॉर्म भरताना दिसणारा आकडा अंतिम.

पाव गुणाचा हिशोब मुलं नीट करत नाहीत आणि तिथेच दोन-तीन गुणांनी जातात. सिरीज ८ चं उदाहरण घ्या. शंभरच्या शंभर प्रश्न सोडवले, तर ६० मिळवायला ६८ बरोबर यावे लागतात: ३२ चुकले, त्याचे ८ गुण गेले, उरले ६०. वीस प्रश्न सोडले आणि ८० सोडवले, तर ६४ बरोबर लागतात: १६ चुकले, ४ गुण गेले, पुन्हा ६०. म्हणजे सराव परीक्षेत ६५ येत असतील तर तुम्ही काठावर आहात, तारीख घेऊ नका. ७५ च्या पुढे सलग तीनदा आले की घ्या. कोरं कधी सोडायचं? चारपैकी एक पर्याय नक्की चुकीचा आहे असं कळत असेल तर उरलेल्या तिघांतून उत्तर द्यावं, सरासरीने फायदाच होतो. काहीच कळत नसेल तर त्या प्रश्नावर वेळ घालवू नका, पुढे चला.

अभ्यासाला एनआयएसएमचं वर्कबुक पुरतं. ते साइटवरून पीडीएफ स्वरूपात मिळतं. बाजारातल्या प्रश्नसंचांवर भिस्त ठेवणारे वर्कबुकमधल्या व्याख्या आणि मुदतींच्या प्रश्नांवर अडकतात. रोज दीड तास दिला तर पाच-सहा आठवड्यांत एक सिरीज होते. पहिलं वाचन झरझर, दुसऱ्या वाचनात प्रत्येक धड्याची एक पानाची टिपणं, मग सराव.

फॉर्म भरण्याआधी पॅन तपासा. नोंदणीला पॅन लागतं, आणि पॅनवरचं नाव, नोंदणीतलं नाव आणि परीक्षेला दाखवायच्या ओळखपत्रावरचं नाव एकच असलं पाहिजे. आपल्याकडे वडिलांचं नाव मध्ये घालायची पद्धत असल्याने एका कागदावर पूर्ण नाव, दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर, तिसऱ्यावर आडनाव आधी, असा घोळ सर्रास असतो. परीक्षेच्या दिवशी दारातून परत पाठवलं जाण्याचं हे एक कारण. पॅन नसेलच तर अठरा पूर्ण झालेल्यांना आयकर खात्याच्या पोर्टलवर आधारवरून झटपट ई-पॅन मोफत मिळतं. त्यासाठी मोबाइल नंबर आधारला जोडलेला हवा.

सर्टिफिकेटची मुदत साधारण तीन वर्षं असते. पहिल्या वर्षाला असताना उत्साहात परीक्षा दिली तर पदवी हातात पडेपर्यंत दोनेक वर्षं वाया गेलेली असतात. म्हणून सेमिस्टर पाचची परीक्षा संपली की नोव्हेंबर-डिसेंबर हा सगळ्यात चांगला काळ.

सर्टिफिकेटबरोबर दाखवायचं काम

एकाच सिरीजचे दोन उमेदवार समोर बसले की निवड होते ती काम दाखवू शकणाऱ्याची. यासाठी घरी, एका साध्या लॅपटॉपवर, स्वतःचा एक खोटा फंड चालवा. वीस ट्रेडिंग दिवस पुरतात.

कागदावरचं भांडवल १० लाख रुपये, युनिट १ लाख, म्हणजे सुरुवातीची एनएव्ही (एका युनिटची किंमत) १० रुपये. दहा शेअर निवडा, थोडी रोकड ठेवा. रोज संध्याकाळी एनएसईच्या साइटवरून भावकॉपी (त्या दिवशीच्या सगळ्या शेअरांच्या भावांची फाइल) उतरवा आणि प्रत्येक शेअरचा बंद भाव आपल्या शीटमध्ये आणा. भावकॉपीत एकाच कंपनीच्या दोन-तीन ओळी असू शकतात. सिरीजच्या रकान्यात ‘ईक्यू’ असलेल्याच ओळी गाळून घ्या, नाहीतर व्हीलुकअप (यादीतून जुळणारी ओळ शोधणारं एक्सेलचं सूत्र) वरून पहिली सापडेल ती ओळ उचलतो. फंडाचा खर्च वर्षाला १ टक्का धरा. १० लाखांवर दिवसाला २७ रुपये ४० पैसे होतात, ते रोज देणं म्हणून लावत जा.

विसाव्या दिवशी समजा शेअरांची किंमत ९,८०,००० झाली, रोकड ३१,५०० आहे आणि साचलेला खर्च ५४८. तर ९,८०,००० अधिक ३१,५०० वजा ५४८, म्हणजे १०,१०,९५२. भागिले १ लाख युनिट. एनएव्ही १०.१०९५.

आता खरी परीक्षा. दहातल्या एखाद्या शेअरचा फेस व्हॅल्यू (दर्शनी किंमत) त्या काळात १० वरून २ झाला, म्हणजे एका शेअरचे पाच झाले, असं धरा. तुमच्याकडे ६०० रुपयांचे २०० शेअर होते, किंमत १,२०,०००. विभाजनाच्या दिवशी भावकॉपीत भाव १२० च्या आसपास येतो. शीटमधली संख्या २०० च राहिली तर किंमत दिसते २४,०००, एका रात्रीत ९६,००० बुडाल्यासारखे, आणि एनएव्ही जवळजवळ एक रुपयाने खाली. संख्या १,००० केली की सगळं जागेवर येतं. लाभांशाचंही असंच: एक्स-तारखेला (ज्या दिवसापासून नव्याने शेअर घेणाऱ्याला तो लाभांश मिळत नाही) भाव उतरतो, पण लाभांश खात्यात नंतर येतो, म्हणून मधल्या दिवसांत तो ‘येणं’ म्हणून दाखवावा लागतो. फंड अकाउंटिंगच्या टेबलावर रोज याच चुका पकडायच्या असतात. ही शीट स्वतः केलेल्या मुलीला मुलाखतीत कॉर्पोरेट ॲक्शन (विभाजन, लाभांश असे कंपनीचे निर्णय) म्हणजे काय हे पाठ करून सांगावं लागत नाही.

दुसरं काम जुळवणीचं. ‘रेको’ म्हणतात त्याला सगळे. दोन याद्या तयार करा: एक ब्रोकरने पाठवलेल्या सौद्यांची, दुसरी कस्टोडियनकडे (फंडाचे शेअर सांभाळणाऱ्या संस्थेकडे) नोंदलेल्या सौद्यांची. प्रत्येकीत पन्नास ओळी, आयसिन (शेअरचा ओळख क्रमांक), तारीख, संख्या, रक्कम. दुसऱ्या यादीत मुद्दाम पाच-सहा बिघाड घाला. एक आयसिन मागे रिकामी जागा असलेला. एक तारीख महिना आधी लिहिलेली, म्हणजे ३ डिसेंबर ऐवजी १२ मार्च. एका ठिकाणी ५०० चा सौदा ४५० आणि ५० असा दोन ओळींत. एक रक्कम दलाली धरून, दुसरी दलालीशिवाय.

मग जुळवा आणि बघा काय फसतं. आयसिन डोळ्याला सारखे दिसतात पण व्हीलुकअप ‘सापडलं नाही’ म्हणतो. ‘लेन’ सूत्राने अक्षरं मोजा. आयसिन १२ अक्षरांचाच असतो. १३ आले तर कुठेतरी रिकामी जागा चिकटली आहे. ‘ट्रिम’ ने ती जाते. वेबपानावरून चिकटवलेल्या यादीत मात्र कधीकधी ट्रिम केल्यावरही १३ च येतात, कारण ती साधी रिकामी जागा नसते, १६० क्रमांकाचं वेगळं चिन्ह असतं; ते ‘सब्स्टिट्यूट’ ने काढावं लागतं. व्हीलुकअपचा शेवटचा भाग रिकामा सोडला तर तो जवळपासचं उत्तर देतो आणि चूक दिसतही नाही. तिथे नेहमी ‘फॉल्स’ किंवा शून्य लिहा. दोन ओळींत फुटलेला सौदा एकास एक कधीच जुळणार नाही, आधी ‘समइफ्स’ किंवा पिव्होटने बेरीज करा. शेवटी न जुळलेल्या प्रत्येक ओळीसमोर कारण लिहा: फरक किती, का, आणि कोणाला ईमेल करायचा. या फरकाला टेबलावर ‘ब्रेक’ म्हणतात. तो सापडणं हे अर्धं काम, त्याचं कारण एका ओळीत स्वच्छ इंग्रजीत लिहिता येणं हे उरलेलं अर्धं. मराठी माध्यमातल्या मुलांनी फाडफाड बोलण्याच्या क्लासवर पैसे घालण्याआधी असे रोज पाच छोटे ईमेल लिहावेत. टेबलावर दिवसभर तेच लागतं.

क्लास लावायचाच असेल तर

‘शंभर टक्के प्लेसमेंट’ म्हणणाऱ्याला चार गोष्टी लेखी मागा: मागच्या बॅचमध्ये किती जण होते, किती जणांना नोकरी लागली, कुठल्या पदावर, आणि कोणाच्या पेरोलवर. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. मोठ्या बँकेचं नाव सांगितलं जातं आणि मुलगा प्रत्यक्षात मनुष्यबळ पुरवणाऱ्या ठेकेदाराकडे सहा महिन्यांच्या करारावर असतो. मागच्या बॅचच्या तिघांशी स्वतः बोला, क्लासने पुढे केलेल्या तिघांशी नव्हे.

फी हप्त्यांत भरा म्हणून फॉर्म पुढे केला तर बघा की हप्ता क्लासला जातो की एखाद्या फायनान्स कंपनीला. दुसरं असेल तर ते कर्ज आहे. क्लास आवडला नाही, बंद पडला, नोकरी लागली नाही, तरी ईएमआय चालू राहतो, आणि चुकवला तर सिबिल स्कोअर खराब होतो. ज्या क्षेत्रात नोकरी शोधताय तिथे काही कंपन्या रुजू करून घेताना तोच स्कोअर तपासतात. आईवडिलांची सही घेण्याआधी हे त्यांना समजावून सांगा.

एक्सेल, टॅली, जीएसटीचा तीन महिन्यांचा साधा क्लास मात्र लहान-मध्यम कंपन्यांत, सीएच्या ऑफिसात लगेच उपयोगी पडतो. वागळे किंवा टीटीसीच्या कारखान्यांत अकाउंट्सची माणसं कायम लागतात.

सीएफए, एफआरएम

यांचं थोडक्यात. सीएफएच्या पहिल्या पातळीला पदवीला २३ महिने किंवा कमी उरले असतील तर बसता येतं. पासपोर्ट लागतोच, म्हणून आधी ठाण्याच्या पासपोर्ट सेवा केंद्राची तारीख घ्या. पहिल्या पातळीत १८० प्रश्न, साडेचार तास. संस्था स्वतः प्रत्येक पातळीला ३०० तास अभ्यास सुचवते; आठवड्याला १० तास काढले तर सात महिने. चार्टर (नावापुढे सीएफए लावायचा हक्क) मिळायला तिन्ही पातळ्यांशिवाय ४,००० तासांचा कामाचा अनुभव लागतो. एफआरएमचे दोन भाग, अधिक दोन वर्षांचा अनुभव. घरी पैशाची ओढ असेल तर आधी नोकरी लागू द्या. काही कंपन्या परीक्षेची फी परत करतात. नोकरी करता करता पहिली पातळी देणारे पुष्कळ आहेत.

अर्ज आणि मुलाखत

बायोडेटात सर्टिफिकेट एका ओळीत: परीक्षेचं पूर्ण नाव, महिना-वर्ष, मुदत कधीपर्यंत. त्याखाली फंडाची शीट आणि रेको, प्रत्येकी दोन ओळींत, आकड्यांसह. अर्ज फेब्रुवारीपासून टाकायला लागा, निकालाची वाट बघू नका.

मुलाखतीत आपल्याकडचं सेटलमेंट टी प्लस १, म्हणजे सौद्यानंतर एका कामाच्या दिवसात, आहे (२७ जानेवारी २०२३ पासून सगळ्या शेअरांना लागू), विकणाऱ्याने शेअर दिले नाहीत तर लिलाव होतो, एनएसडीएल आणि सीडीएसएल या डिपॉझिटरी (डीमॅट शेअर सांभाळणाऱ्या संस्था) काय करतात, हे विचारतातच. बी.कॉम.ची मुलं अडखळतात ती जमा व्याजावर: १० लाखांचा ८ टक्क्यांचा बाँड, शेवटच्या व्याजापासून ७३ दिवस झाले, ३६५ दिवसांच्या हिशोबाने व्याज किती? १६,००० रुपये. कागद-पेन घेऊन अशी दहा गणितं करून जा.

ऑफर आली की शिफ्ट विचारा. अमेरिकेच्या वेळेचं काम मध्यरात्रीनंतर सुटतं आणि तेव्हा ट्रान्स-हार्बरची लोकल नसते. कंपनीची गाडी घरापर्यंत सोडते की ठरावीक थांब्यापर्यंत, कळवा, दिवा, डोंबिवली तिच्या हद्दीत येतं का, हे ईमेलवर लिहून घ्या. हातात येणारा पगार आणि सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा एकूण वार्षिक खर्च) यांतला फरकही तेव्हाच विचारा. आणि रुजू झाल्यावर एनआयएसएमच्या मुदतीच्या तारखेआधी तीन महिने फोनमध्ये आठवण लावा; नूतनीकरण मुदत संपण्याआधीच करावं लागतं, एक दिवस उशीर झाला तर पुन्हा परीक्षा.